एक मोजा पिवळा, एक जांभळा

९ जानेवारी

ताई,

आधी पाकिटातला फोटो बघ, मग पत्र वाच. बघितलास? आता घोटभर पाणी पी.

हो, ती मीच आहे. एकसष्ट वर्षांची तुझी धाकटी बहीण, चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेमा चढवून बघणारी. खाली पांढरा घोळदार स्कर्ट, त्यावर तपकिरी कॉर्डरॉयचा पिनाफोर, म्हणजे बिनबाह्यांचा झगा, त्यावर क्रोशाची जाळीदार शाल. पायात एक मोजा पिवळा, एक जांभळा. डोक्यात क्लिपा किती आहेत ते विचारू नकोस. लावणारीने लावायला सुरुवात केली आणि मी थांब म्हटलंच नाही.

लावणारी म्हणजे आमच्या इमारतीखालच्या केस कापायच्या दुकानात काम करते ती मुलगी. नाव तिने सांगितलंय, पण मी तिला क्लिपवाली म्हणते आणि ती ओ देते. दोन-तीन महिन्यांपूर्वी ती चष्मा करायला आली. केस वाढदिवसाच्या केकसारखे सजवलेले. मी म्हटलं, "बाई गं, चष्म्याची दांडी बसवू कुठे?" ती खो खो हसली आणि फोनवर मला फोटो दाखवत बसली. जपानमध्ये म्हणे पोरंपोरी सुट्टीच्या दिवशी अशी नटून रस्त्यावर नुसती फिरतात. कुठे जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. नटणं हेच काम! त्यात पुष्कळ पंथ आहेत. क्लिपा, मणी आणि भडक रंगांची रेलचेल केली की तो डेकोरा. मोरी म्हणजे रान. रानातल्या झोपडीत एकटी राहणारी मुलगी जशी दिसेल तसं दिसायचं, सैल, मातकट, थरावर थर. मी दोन्हींची सरमिसळ केली आहे. क्लिपवाली म्हणाली, "असं चालत नाही काकू." मग स्वतःच म्हणाली, "पण तुम्हांला चालतंय."

आठवतं, शाळेत सोमवारी सकाळी सिस्टर आपल्याला गुडघ्यांवर बसवून फूटपट्टी घेऊन रांगेतून फिरायच्या? स्कर्टची कड जमिनीला टेकलीच पाहिजे. माझी कधी टेकली नाही, कारण स्कर्ट तुझे जुने आणि उंच मात्र मी. सगळं लहानपण राखाडी रंगात काढलं, ताई. नंतरही फार काही वेगळं केलं नाही.

फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून हे सगळं लिहून कळवते. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना फोटो दाखव, आणि ते काय म्हणाले ते गाळल्याशिवाय कळव.

तुझी रानातली,
चिंगी


१७ जानेवारी

प्रिय चिंगे,

फोटो मिळाला. ह्यांना दाखवला. गाळू नकोस म्हणालीस म्हणून सांगते, हे म्हणाले, "मेहुणी बंद पडणाऱ्या दुकानासारखी दिसते आहे, सगळा माल बाहेर." मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन नुसतीच बसले. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.

रागावणार नसशील तर एक लिहू? रागावलीस तरी लिहिणारच आहे.

आईचं सुरू झालं तेव्हा तू नोकरीच्या गावी होतीस. तू तिला पाहिलंस ते पुढे, सगळ्यांना कळल्यावर. सुरुवात मी पाहिली. एका सकाळी ती वरच्या खोलीतून जिना उतरून आली ती एका झग्यावर दुसरा झगा घालून, वर बाबांचा स्वेटर. पायात एक मोजा माझा आणि एक बाबांचा. मी म्हटलं, "आज काय आई, फॅशन शो?" तीही हसली. ती हसली ना, म्हणून मी निर्धास्त राहिले. तिला थंडी वाजत असेल म्हटलं. वर्षभर आम्ही थंडीच म्हणत राहिलो. शेवटी ती मला "ओ बाई" म्हणायची, आठवतंय? किती अदबीने म्हणायची! "ओ बाई, माझी मोठी मुलगी आली का हो?"

तर तुझा फोटो पाहिल्यापासून मला तोच जिना, तोच दरवाजा दिसतो आहे. तू म्हणशील, ही जपानी फॅशन आहे. असेलही. मला काय कळतं? मी साठ ओलांडली तरी कॉलरचं बटण लावल्याशिवाय दार उघडत नाही. पण थरावर थर आणि दोन मोजे दोन रंगांचे, हे मी एकदा पाहिलेलं आहे आणि तेव्हाही ते हसतमुखच होतं.

बरं, ते जाऊ दे. काल जुन्या गोष्टी निघाल्या आणि मला काही केल्या आठवेनात, म्हणून तुला सहज विचारते. शिवणाच्या सिस्टरना आपण मुली काय म्हणायचो गं? वसतिगृहात माझ्या कॉटशेजारची कॉट कुणाची होती? आणि आपल्या जुन्या घराच्या जिन्याचा कठडा चढताना कुठल्या हाताला यायचा? घाई नाही. पण लवकर लिही.

थंडीत जपून. म्हणजे एकच स्वेटर घाल, पण जाड घाल.

तुझी भित्री,
ताई


२५ जानेवारी

ताई,

सिस्टर उसवा. कारण कितीही बारीक टाका घातला तरी त्या नाकावरचा चष्मा खाली ओढून एवढंच म्हणायच्या, "उसवा." तुझ्या शेजारची कॉट माझी होती, कारण मी पहिले काही दिवस रडत होते आणि तू मेट्रनकडे जाऊन भांडून जागा बदलून घेतलीस. कठडा डाव्या हाताला. तो वरच्या टोकाला हलायचा आणि बाबा दर सुट्टीत त्याला खिळा ठोकायचे.

झालं समाधान? शंभरपैकी शंभर. वहीवर चांदणी काढ.

"सहज विचारते"! अगं, तू आयुष्यात काही सहज विचारलं आहेस का? लग्न ठरताना भाऊजींनासुद्धा तू अशीच सहज प्रश्नपत्रिका दिली होतीस. मला राग आला नाही असं लिहिणार होते, पण आला. मी आई नाही, ताई. तिला आपण काय घातलंय ते कळत नव्हतं. मी प्रत्येक थर आरशासमोर उभी राहून ठरवते. पिवळ्या मोज्याशेजारी जांभळाच का, हिरवा का नाही, यावर क्लिपवालीशी माझं अर्धी दुपार भांडण झालेलं आहे. ही मुलं मुद्दाम जोडी मोडतात. जोडी जुळली तर ती म्हणते, "काकू, हे फारच शाळेसारखं दिसतंय."

दुकानात मी सगळा थाट करून जात नाही. दोन क्लिपा आणि मोजे, बस्स. गिऱ्हाइकांना मजा वाटते. लहान मुलं तर चष्मा लावून घ्यायला रडतच नाहीत आता, माझं डोकं बघत बसतात. मालकांचं तोंड जरा वाकडं असतं, पण ते त्यांचं जन्मापासूनच असावं. परवा मात्र त्यांना कारण मिळालं. एका ड्रायव्हरचा चष्मा मी एका मास्तरांच्या हातात दिला. मास्तर घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "आमची बायको इतकी स्पष्ट मला कधी दिसली नव्हती. हा परत घ्या." सगळं दुकान हसलं.

मजेत आहे मी. मला मजेत राहू दे. आता पुढच्या पत्रात प्रश्न नकोत, गप्पा हव्यात.

तुझी शंभर मार्कांची,
चिंगी


२ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

उत्तरं बरोबर आली. मग मला झोप का लागत नाही?

तू म्हणतेस ते पटतं. पत्र वाचताना अगदी पटतं. मग पत्र घडी करून ठेवते आणि तो मास्तरांचा चष्मा आठवतो. इतकी वर्षं तू त्या काउंटरवर आहेस, असा चष्मा कधी बदलला होता का? सगळं दुकान हसलं, लिहिलंस. आमच्याकडेही सगळे हसायचे.

हे म्हणतात, मला काळजी करायला विषय लागतो. गुडघा बरा झाला, म्हणून आता मेहुणी.

गप्पा हव्यात म्हणालीस, तर त्या आज सुचत नाहीत. तुझे चिरंजीव हल्ली येतात का घरी? त्यांना वेळ नसतो हे मला ठाऊक आहे, तरी विचारते. एक लक्षात ठेव, मी जे काही करीन ते तू माझी एकुलती एक बहीण आहेस म्हणून करीन. पुढे कधी माझा राग आला तर हे वाक्य पुन्हा वाच.

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

ते वाक्य पुन्हा वाचलं. राग तेवढाच आहे.

चिरंजीव आले. न कळवता, शनिवारी सकाळी. मी घरातल्या घरात पिनाफोर घालून फरशी पुसत होते. दारातच उभा राहिला. चप्पलही काढली नाही.

"आई, हे काय आहे?"

"फरशी."

"अंगावर काय आहे?"

"कपडे."

मग सरळ आत जाऊन त्याने कपाट उघडलं. "हे सगळं तू घालतेस?"

"नाही, भाड्याने देते."

त्याला हसू आलं नाही. लहानपणी किती हसायचा गं तो! मला समोर खुर्चीवर बसवून त्याने आज वार कुठला, महिना कुठला विचारलं. शंभरातून सात वजा करत जा म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, हे मला शाळेतसुद्धा जमलं नव्हतं, तुझ्या मावशीला विचार." तेव्हा तो म्हणाला, "मावशीनेच तर कळवलं."

ताई, तू माझा फोटो त्याला पाठवलास. मी तो तुला पाठवला होता.

मग त्याने माझे सगळे कपडे पिशव्यांत भरले. स्कर्ट, जाळीची शाल, मोजे, क्लिपांचा डबासुद्धा. म्हणाला, "हे मी घेऊन जातो. तुला यातून बाहेर काढायला हवं." जसं काही मी विहिरीत पडले आहे. घरमालकांशी बोलून आला आहे. मार्च संपला की ही जागा सोडायची आणि त्याच्याकडे राहायला जायचं. त्याच्या घरी मला खोली आहे, खिडकी आहे, सगळं आहे, म्हणाला. एक माझं काम नाही, माझी इमारत नाही, आणि खालून "काकू" म्हणून हाक मारणारी ती पोरगी नाही. पिशव्या गाडीत टाकताना ती दुकानाच्या दारातून बघत होती. एक मोजा रस्त्यावर पडला, तो उचलून तिने त्याला दिला. बिचारीला वाटलं, मी कुठे गावाला निघाले.

सोमवारी दुकानात राखाडी स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज घालून गेले. मालक म्हणाले, "वा, आज कशा व्यवस्थित दिसताय." मी मागच्या खोलीत जाऊन भिंगं पुसत बसले. राखाडीत मला भीती वाटते, ताई. राखाडीत सगळं दिसतं.

तुझ्या पत्राची वाट बघत नाहीये.

चिंगी


२५ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

वाट बघत नसलीस तरी वाच. पाया पडते, फाडू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. हे म्हणाले, "आता उपाशी राहून काय होणार? तू ज्याला घाबरतेस ते एकदा डोळ्यांनी बघून तरी ये." पेपरच्या पुरवणीत कुठेसं आलं होतं की आमच्या इथल्या मोठ्या बागेत, कारंज्याजवळ, रविवारी तशी मुलं जमतात. तेव्हा आम्ही दोघं रिक्षा करून गेलो. मी कॉलरचं बटण लावलेलं, ह्यांच्या हातात काठी.

चिंगे, काय सांगू! पंचवीस-तीस तरी असतील. कुणी रानातून आल्यासारखी, कुणी खेळण्यांच्या दुकानातून. निळ्या केसांची एक मुलगी होती, तिच्याजवळ गेले. म्हटलं, "बाळ, तुझे मोजे दोन रंगांचे झालेत." ती पायांकडे बघून इतकी खूश झाली! म्हणाली, "हो ना आजी, तेच तर!"

तेच तर. घरी येईपर्यंत मी मनात तेवढंच म्हणत होते.

तिथे आपल्या वयाची एक बाईसुद्धा होती, बँकेतून निवृत्त झालेली. पांढऱ्या झालरींचा झगा, हातात लेसची छत्री. मला म्हणाली, "तुमचा स्वेटर उलटा घालून बघा, आतली वीण छान आहे." मी तिला सगळंच विचारलं. थर का, जोड्या का मोडायच्या, डेकोरा म्हणजे काय, मोरी म्हणजे काय. तू लिहिलेलं अक्षरन् अक्षर बरोबर निघालं. ह्यांना बाकावर बसवलं होतं, तर एका मुलाने विचारून ह्यांच्या उरल्यासुरल्या केसांना स्ट्रॉबेरीची क्लिप लावली. ह्यांनी ती घरी येईपर्यंत काढली नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता.

आईला आपण काय घातलंय ते कळत नव्हतं, तू घालायचं काय ते ठरवते आहेस. तू हे आधीच सांगितलं होतंस, आणि मी म्हातारी ऐकूनच घेईना. चिरंजीवांना त्याच दिवशी लांबलचक पत्र टाकलं, आणि धीर नव्हता म्हणून ह्यांच्याकडून फोनही करवला. माझी चूक झाली, कपडे परत नेऊन दे, घरमालकांना नाही म्हणून सांग, आईची माफी माग. आधी कुरकुरला, मग हो म्हणाला. गुणी आहे गं तो, घाबरला होता. मीच त्याला घाबरवलं.

आज दुपारी इतकी गाढ झोपले की दूधवाला बेल वाजवून निघून गेला. किती आठवड्यांनी छातीवरचा दगड उतरला! तू ठीक आहेस. तू अगदी ठीक आहेस. सोबत लेसचे तुकडे पाठवते आहे. माझ्याकडे उगीच पडून होते, तुझ्या कुठल्यातरी थरात बसव.

माफ केलंस, एवढं एका ओळीत कळव.

तुझी मूर्ख,
ताई


१० मार्च

ताई,

माफ केलं. ही झाली एक ओळ. आता पुढच्या ओळी लिहायला मला इतके दिवस लागले.

कपडे आले. चिरंजीव स्वतः घेऊन आला. पिशव्या खाली ठेवून म्हणाला, "सॉरी आई." सगळं घडी करून आणलं होतं, मोजे मात्र जोड्या जुळवून. मी त्याला चहा दिला. घर राहिलं, काम राहिलं. मी आनंदात असायला हवं. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि "तू अगदी ठीक आहेस" इथे आले की पुढे जाता येईना. तू दुपारी गाढ झोपलीस ना, ते मला बघवेना. बघवेना म्हणजे, मी तिथे नव्हते, इथे बसून नुसतं डोळ्यांसमोर येत होतं, तरी.

ऐक आता. पावसाळा संपता संपता मी एकदा ब्लाउज उलटा घालून दुकानात गेले. शिवणी बाहेर, लेबल गळ्याशी. मालकांनी सांगितलं तेव्हा कळलं. असं कुणाचंही होतं, मी हसले. मग एकदा पायात दोन वेगळे बूट. ते काउंटरखाली कुणाला दिसले नाहीत. मग एका सकाळी कपाटासमोर उभी राहिले आणि आधी काय घालायचं, वर काय घालायचं, हे मला उमगेना. कपडे सगळे ओळखीचे, पण क्रम गेला होता. थोड्या वेळाने परत आला. मी खाली बसून राहिले होते.

त्यानंतर ती क्लिपवाली चष्मा करायला आली. तिच्या पायात दोन रंगांचे मोजे होते, जॅकेटची आतली बाजू बाहेर होती, आणि सगळे तिच्याकडे बघून म्हणत होते, काय छान! ताई, मला वाटलं, ही एक जागा आहे. इथे उलटं घातलं तरी कुणी दंडाला धरून बाजूला नेणार नाही. म्हणून शिरले मी त्यात. लपायला.

पण मग ते मला खरंच आवडलं. हे खोटं नाही. पिवळ्या-जांभळ्याचं भांडणसुद्धा खरं आहे. कुठला थर मी ठरवून घातला आणि कुठला तसाच चढला, हे काही दिवशी मला सांगता येतं, काही दिवशी नाही. फोटोतला ठरवून घातलेला आहे. तेवढी माझ्यावर कृपा कर आणि ते मान.

तुझ्या प्रश्नांचंही सांगते. कॉट लगेच आठवली, ती मी कशी विसरेन? कठडाही आठवला. सिस्टर उसवांचं नाव मात्र येईना. चेहरा येई, चष्मा येई, नाव नाही. दिवसच्या दिवस गेले. शेवटी क्लिपवाली माझा फाटलेला खिसा शिवत होती. टाका चुकला तेव्हा ती म्हणाली, "शी, उसवायला हवं," आणि मी एकदम टाळी वाजवली. मग ते उत्तर मी असं मिजाशीत लिहिलं.

तुझी भीती कपड्यांपुरती चुकली होती. माझ्यापुरती नाही. मी डॉक्टरांकडे गेलेले नाही. आईचं जे झालं तेच हे आहे, की नुसतं वय आहे, की आणखी काही, मला माहीत नाही. माहीत नसेपर्यंत मी घरी राहू शकते, असं वाटत होतं. चिरंजीवांना हे कळलं, तर पिशव्या पुन्हा भरल्या जातील.

तू एकदा झोपलीस आणि मी उठवलं. काय करू, तूच आहेस.

चिंगी


१६ मार्च

माझ्या चिंगे,

बरं झालं उठवलंस. बाकी कुणाला उठवणार होतीस?

मी येते आहे. बुधवारची गाडी आहे, दुपारी पोचेन. गुरुवारी सकाळी आपण दोघी डॉक्टरांकडे जायचं. वेळ ह्यांनी फोन करून घेतली आहे. तुझ्या गावातलेच आहेत, डोक्याचे आणि विसरण्याचे. फोनवरची मुलगी फार गोड बोलली, असं हे म्हणाले. तू त्या दिवशी काय घालायचं ते तू ठरव. ठरवता आलं नाही तर मी तिथे असेनच. मग आपण दोघी कपाटासमोर बसून राहू, क्रम परत येईपर्यंत.

डॉक्टर काय सांगतील ते मला माहीत नाही. "काही नसेल गं" असं मी लिहिणार नाही, एकदा तसं म्हणून झोपून पाहिलं. मला भीती वाटते आहे. आई गेली तेव्हाही इतकी वाटली नव्हती, कारण तेव्हा मला कळत नव्हतं आणि आता कळतं. पण तिचं आपण वर्षभर थंडी म्हणून ढकललं. तू मला सहा महिन्यांत सांगितलंस. औषधं असतील, नसतील, निदान आपल्याला वेळेवर विचारता तरी येईल.

चिरंजीवांना सांगायचं. मी नाही सांगणार, एकदा सांगून काय केलं ते पाहिलं. तू सांगायचं, तुझ्या खुर्चीत बसून, तुझ्या घरात. मी शेजारी बसेन, आणि त्याने पिशवीला हात लावला तर तुझी मोठी बहीण काय चीज आहे ते त्याला कळेल. जागा सोडायची नाही. आम्ही इथलं बंद करून तुझ्याकडे येऊन राहू. हे तयार आहेत. म्हणतात, गुडघ्याला तुझा जिना बरा. खरं म्हणजे त्यांना ती क्लिपवाली बघायची आहे. भाड्याचं, खोल्यांचं मग बघू. निम्म्याहून जास्त आयुष्य आपण वेगळ्या गावांत काढलं, ते उगीचच असं आता वाटतं.

आता शेवटचं. तू मला घ्यायला स्टँडवर येशील. नको म्हटलं तरी येशील. तिथे गर्दी असते, आणि माझ्यासारख्या पांढऱ्या केसांच्या, कॉलर बंद केलेल्या बायका प्रत्येक गाडीतून उतरतात. म्हणून मी माझा हिरवा रेनकोट घालणार आहे. त्याला खाली जुन्या पडद्याची पांढरी झालर शिवली आहे. टाके लांब लांब पडलेत, त्या सिस्टरनी जागच्या जागी उसवायला लावले असते. कमरेला ह्यांचा लाल टाय बांधणार आहे. मी आरशासमोर उभी राहून बघितलं, तेव्हा हे दारात येऊन म्हणाले, "अगं, अशाने स्टँडवर तुला ओळखणार कोण?"

मी म्हटलं, "लांबून सगळ्यांत आधी तीच ओळखेल."

आणि हे बघ, गडबडीत तू दुसऱ्याच कुणा बाईला मिठी मारलीस तरी शरमून जाऊ नकोस. तिला सावकाश सोड आणि मग वळ. मी मागेच उभी असेन.

ताई